तानशाचा नळ एक, माठ दोन



शहापूर तालुक्याचा इतिहास सांगा म्हटले की सांगणारा आधी माहुलीच्या किल्ल्याकडे बोट दाखवतो. मग शहाजीराजे, १६३६ सालची लढत, निजामशाहीचा शेवट. सांगणारा मुरबाडकर असेल तर नाणेघाट आणि सिद्धगड. त्यानंतर देवळे येतात, म्हशाची यात्रा येते, यात्रेतले बैल येतात आणि शेवटी लोकप्रतिनिधींचे शुभेच्छा संदेश येतात. पुस्तिका संपली. बैलाच्या शिंगांचे वर्णन अर्धे पान असते, त्या बैलांमागे आयुष्य काढणाऱ्या माणसाला अर्धी ओळही नसते.

सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी तिथे भाषणे होतात, व्हायलाच हवीत. पण भाई कोतवाल न्हावी समाजात जन्मलेले वकील होते, हे वाक्य त्या भाषणांत किती वेळा ऐकू येते? हुतात्म्याची बंदूक आठवायची आणि त्याची जात विसरायची, अशी सोयीची स्मरणशक्ती आपल्याकडे फार. एरवी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत याच मंडळींना सात पिढ्यांची जात तोंडपाठ असते!

आटगाव तर या पुस्तिकांत आटोपशीरच. आसनगावच्या पुढचे, खर्डीच्या अलीकडचे स्टेशन. कसारा लोकल इथे थांबते. जवळच्या जुन्या कोरीव देवळाच्या अवशेषांची नोंद १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे, ती कौतुकाने सांगितली जाते. गावाला आटगाव नाव का पडले याचा भाषाशास्त्रीय निकाल आम्ही देत नाही. मात्र मे महिन्यात या पट्ट्यातल्या विहिरीत डोकावलेल्या माणसाला निकालाची गरज वाटत नाही.

आमचे म्हणणे असे की आटगाव-शहापूरचा खरा इतिहास किल्ल्यावर नाही, तो पाण्यात आहे. कोणाच्या डोंगरावर पाऊस पडला, ते पाणी कोणी अडवले, कोणाकडे गेले, कोणत्या माठात ओतले गेले आणि रांगेत शेवटी कोण उभे राहिले, हे लिहिले की या तालुक्याचा इतिहास लिहून होतो. आणि तो लिहायला लागले की बाबासाहेब पानोपानी भेटतात. फक्त महाडचे बाबासाहेब भेटत नाहीत. आणखी एक बाबासाहेब भेटतात, ज्यांची आपल्याकडे मिरवणूक निघत नाही.

सोनाराची पोढी

सुरुवात जुन्यापासून करू, म्हणजे आम्हाला फक्त इंग्रजांनंतरचा इतिहास दिसतो असा आरोप नको.

मुरबाडहून वैशाखऱ्याला गेले की नाणेघाटाची चढण लागते. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळातला ब्राह्मी लेख आहे. तो दोन हजार वर्षांहून जुना असल्याचे मानले जाते. त्यात काय आहे? कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञाला दक्षिणा काय दिली, याचा तपशील. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. हजारांच्या आकड्यात गायी! हिशेब इतका चोख की आजच्या ग्रामसेवकाने धडा घ्यावा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून लोक दाखवतात. म्हणजे लोकांच्या आठवणीप्रमाणे व्यापाऱ्याने रांजण भरायचा आणि लेखाप्रमाणे दक्षिणा यज्ञ करणाऱ्याने न्यायची. अर्थसंकल्पाची ही पद्धत पुढेही बराच काळ टिकली.

आता याच वाटेने खाली कल्याणला उतरा. कल्याण त्या काळचे मोठे बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना दाने दिली, त्यांचे लेख आजही दगडावर आहेत. त्यात समिदत नावाच्या कल्याणच्या सोनाराचा लेख आहे. त्याने काय दिले? पाणियपोढी. म्हणजे पाण्याचे टाके. ते त्याने भिक्खू संघासाठी खोदवले.

इथे लगेच टाळ्या पिटू नका. इतिहास एवढा सरळ नसतो. नाणेघाटातही वाटसरूंसाठी पाण्याची टाकी आहेत आणि पुढे याच सातवाहन घराण्याने नाशिकच्या बौद्ध भिक्खूंना लेणीही दिली. पण एक फरक ठळक आहे. एका लेखात राजाची दक्षिणा आहे, दुसऱ्यात हातात हातोडी घेऊन पोट भरणाऱ्या माणसाने दिलेले पाणी आहे. बौद्ध परंपरेत सोनाराने पाणी दिले आणि स्वतःचे नाव कोरले. पुढच्या काळात असा समाज उभा राहिला की ज्यात काही माणसांनी पाण्याला हात लावला तरी पाणी बाटू लागले. या दोन टोकांमध्ये काय घडले हे सांगणारा इतिहास तालुक्याच्या पुस्तिकेत नसतो. तिथे थेट किल्ला येतो.

आधी माणसे गेली, मग पाणी गेले

१८६१ मध्ये रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोहोचली. १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून ती इगतपुरीला गेली. आटगाव रुळावर आले. ज्यांच्या वाट्याला गावात वेठ, मेलेली गुरे ओढणे आणि उकिरड्याकडेची जागा एवढेच होते, त्यांना पहिल्यांदा एक वाट मिळाली, जिच्यावर कोणाची सावली पडते याची चौकशी इंजिन करत नव्हते. गाड्या मुंबईच्या दिशेने भरून जाऊ लागल्या.

मुंबई फुगत होती आणि तहानेली होती. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले, १८७९ मध्ये तुळशीचे. तेही पुरेना. मग इंजिनीयरांची नजर आमच्याकडे वळली. माहुलीच्या डोंगररांगेपलीकडे तानसा नदी अडवून पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत उभी राहिली. १८९२ मध्ये तानशाचे पाणी मुंबईला सुरू झाले. आजही तानसा तलावाला जाणारे पर्यटक आटगाव स्टेशनवर उतरतात, फोटो काढतात आणि जाताना बाटलीतले विकतचे पाणी पितात.

ही योजना सुचवणाऱ्या आणि बांधणाऱ्या साहेबांची नावे पुस्तकांत सापडतात. भिंतीचा दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या आणि रचणाऱ्या बाया-बाप्यांची नावे शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. कल्याणच्या सोनाराला दोन हजार वर्षांपूर्वी टाक्यावर नाव कोरता आले. तानशाच्या मजुराला अठराशे ब्याण्णवमध्ये ते जमले नाही. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

थोडक्यात हिशेब असा. १८६१ मध्ये रेल्वे आली आणि माणसे मुंबईला जाऊ लागली. १८९२ मध्ये नळ आला आणि पाणीही मुंबईला गेले. मागे राहिले ते आटगाव.

गिरणीतले दोन माठ

आता त्या पाण्याच्या मागोमाग मुंबईत जाऊ. कारण आपली माणसेही तिथेच होती.

परळच्या बीआयटी चाळीत १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे बाबासाहेबांच्या कुटुंबाचे बिऱ्हाड होते. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ काढणारे, महाडचा लढा उभारणारे, गोलमेज परिषदेला जाणारे बाबासाहेब याच काळातले. त्या वर्षांत मुंबईच्या नळाला पाणी येत होते ते विहार, तुळशी आणि सर्वांत मोठ्या प्रमाणावर तानशाचे. म्हणजे शहापूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस आणि बाबासाहेबांची ती चाळ यांचा संबंध होता. माहुलीवर कोण किती दिवस राहिले हे शाळेत पाठ करून घेतात. आपल्या तालुक्याच्या पाण्यावर भारताच्या संविधानाचा शिल्पकार राहिला, हे कोणी सांगत नाही.

नळाची एक गंमत असते. विहिरीवर पहारा ठेवता येतो, तलावाच्या काठावर काठी घेऊन उभे राहता येते. लोखंडी नळीत ते जमत नाही. तानशाचे पाणी नळीतून निघाले तेव्हा त्यात ब्राह्मणाचे पाणी पुढे आणि महाराचे पाणी मागे असा क्रम नव्हता. एकाच दाबाने, एकाच नळीने ते मुंबईत पोहोचले.

आणि गिरणीत पोहोचल्यावर त्याचे दोन माठ झाले.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची वेगळी व्यवस्था असे. मैलोगणती अभंग आलेले पाणी शेवटच्या चार पावलांत बाटत असे! विणकाम खात्यात तर अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे? ज्यांना जास्त पगाराच्या खात्यापासून लांब ठेवायचे होते त्यांना थुंकीचे शास्त्र बरोबर आठवले. १९२८ च्या गिरणी संपात सगळे ‘कामगार, कामगार एक’ म्हणत होते, तेव्हा बाबासाहेबांनी विचारले की विणकाम खात्याचे दार आमच्यासाठी उघडणार की नाही? तो प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांना नकोसा वाटला. आजही काही पुरोगामी मित्रांना आपला प्रश्न नेमका वेळ चुकवून आलेला वाटतो. योग्य वेळ कधी येणार, हे मात्र त्यांच्या पंचांगात नसते.

महाडचा इतिहास तुम्हाला पाठ आहे, तरी तारखा ओळीने मांडू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. कागद झाला. कागदावर पाणी पिता येत नाही, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले. गोमूत्र, शेण, दही, दूध यांच्या १०८ घागरी! चवदार तळे लहान, म्हणून काम भागले. तानसा शुद्ध करायचा ठरवला असता तर सगळ्या ठाणे जिल्ह्यातली गुरे कमी पडली असती. मोठ्या धरणाचा एवढा एक फायदा मान्य करायलाच हवा. पुढे तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपला विजय झाला.

बोले ठरावातला तोच विचार संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये आला. राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, घाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. महाडला ओंजळीत घेतलेले पाणी तेवीस वर्षांनी देशाचा मूलभूत हक्क झाले. हा पाण्याचा पहिला धडा. पाण्याला हात लावण्याचा हक्क.

कोलकात्याचे बाबासाहेब

दुसरा धडा १९४५ सालचा आहे आणि तो कोलकात्याला घडला.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. देशाच्या जलनियोजनाची पायाभरणी करणारा केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग १९४५ मध्ये याच काळात उभा राहिला. दामोदर नदीच्या महापुराने बंगाल-बिहारची दैना होत होती. नदीचा पूर अडवणे, शेतीला पाणी, वीज, जलवाहतूक हे सगळे एकाच योजनेत बसवण्याची दिशा बाबासाहेबांनी धरली. त्यासाठी १९४५ मध्ये कोलकात्यात परिषदा झाल्या. पुढे १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

तिथे बाबासाहेबांनी जो मुद्दा मांडला तो आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे. त्याचा आशय असा की योजनेचा लाभ अगदी तळापर्यंत पोहोचला पाहिजे. त्या खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला आणि आसपासच्या लोकांनाही या लाभात वाटा मिळाला पाहिजे, आणि तो मिळेल याची खात्री सरकारने करून घेतली पाहिजे.

आता हे तत्त्व उचला आणि आटगाव स्टेशनवर आणून ठेवा. तानशाच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना तानशाच्या लाभात वाटा मिळाला का? भातसा धरणासाठी ज्यांची घरे-शेते गेली, त्यांना भातशाच्या लाभात वाटा मिळाला का? उत्तरासाठी समिती नेमायची गरज नाही. त्यांच्या पुनर्वसनाचे मोर्चे वर्षानुवर्षे निघत राहिले, हेच उत्तर आहे.

महाडचे बाबासाहेब विचारतात, पाण्याला हात लावू देता की नाही? कोलकात्याचे बाबासाहेब विचारतात, पाण्यात आमचा वाटा किती? पहिल्याचे उत्तर अनुच्छेद १५ आणि १७ मध्ये आहे. दुसऱ्याची दिशा अनुच्छेद ३९ मध्ये आहे, जिथे राज्याला सांगितले आहे की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हिताचे होईल असे पाहा. आपण पहिल्या बाबासाहेबांना २० मार्चला अभिवादन करतो. दुसऱ्या बाबासाहेबांसाठी अजून कोणी डीजे सांगितलेला नाही. नको, तेच बरे.

एकशे पस्तीस आणि पंचावन्न

थोडे गणित करू. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्यातले जवळपास अर्धे एकट्या भातशाचे. तानसा आणि भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यात.

सरकारी निकष असा की नळयोजना आणि मलनिःसारण असलेल्या शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर पुरतात. म्हणजे आटगावचा माणूस सकाळच्या लोकलने मुंबईला गेला की त्याची तहान ऐंशी लिटरने वाढते आणि संध्याकाळी घरी उतरला की कमी होते! चातुर्वर्ण्यात जन्मावरून माणसाची किंमत ठरायची, इथे पिनकोडवरून ठरते.

तरीही ५५ लिटरच धरू. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. ती वाढून चार लाख झाली असे समजा. चार लाख माणसे गुणिले ५५ लिटर, झाले रोजचे २ कोटी २० लाख लिटर. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा हा साधारण पावणेदोनशेवा हिस्सा. एवढा हिस्सा बाजूला काढला तर मुंबई तहानेने मरणार नाही. आणि तो मिळत नाही म्हणून उन्हाळ्यात शहापूरच्या गावपाड्यांवर टँकर धावतात. धरणाच्या तालुक्यात टँकर, हा विनोद सांगायला गेलो तर परगावचा माणूस हसतो. डोक्यावर हंडा असलेली बाई हसत नाही.

‘भावली धरणातून पाणी येणार आहे’ हे वाक्य आमच्याकडे इतकी वर्षे ऐकले जाते की ‘अच्छे दिन’सारखेच तेही म्हण होण्याच्या बेतात आहे.

‘आपले पाणी’ म्हणणाऱ्याला एक प्रश्न

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, बरोबर! मुंबईला जाणारे पाणी अडवा! आपले पाणी आपल्याला!

थांबा. इथेच खरा घोळ आहे.

एक तर मुंबई म्हणजे फक्त मलबार हिल नव्हे. मानखुर्द-गोवंडीच्या वस्तीत पाण्यासाठी रात्री जागणारी बाई आपलीच आहे. तिचा हंडा उपडा करून आपला भरायचा, हे आंबेडकरी राजकारण नाही. वाद तिच्याशी नाही. वाद आहे तो निकष ठरवणाऱ्यांशी आणि खोऱ्याचा वाटा न ठेवता योजना आखणाऱ्यांशी.

दुसरे अधिक महत्त्वाचे. तालुक्यातला जो पुढारी व्यासपीठावर ‘आपले पाणी’ म्हणतो, त्याला विचारा, ‘आपले’ म्हणजे कोणाचे? त्यात कातकरी वाडी येते का? ठाकूरपाडा येतो का? बौद्धवाडा येतो का? टँकर गावात येतो तेव्हा कोणत्या विहिरीत रिकामा होतो? ती विहीर कोणत्या आळीत आहे? पाड्यावरची बाई तिथे पोहोचेपर्यंत तळाशी गाळ उरतो की पाणी? नळयोजनेची टाकी कोणाच्या घराजवळ बांधली आणि पाइप संपला कुठे? फार्महाऊसच्या बोअरवेलचे पाणी लॉनवर पडते, तेव्हा ‘आपले पाणी’ची घोषणा नेमकी कुठे गेलेली असते?

मुंबईने शहापूरशी जे केले, तेच गाव वाडीशी करते. शहराला १३५ आणि खेड्याला ५५, तसेच पाटलाच्या आळीला दोन वेळा आणि वाडीला दोन दिवसांआड. तानशाच्या नळाचे गिरणीत दोन माठ झाले, तसे गावात टँकरचेही होतात. फरक एवढाच की आता माठावर जात लिहिलेली नसते. ती अंतरात लिहिलेली असते.

म्हणून बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याला आदर्श मानायला नकार दिला आणि संविधानाचा घटक व्यक्ती धरली, हे बरे केले. ‘गावाला पाणी मिळाले’ असे म्हटल्याने गावातल्या प्रत्येकाला पाणी मिळाले असे होत नाही. हिशेब माणशी झाला पाहिजे. बाहेरचा वाटा आणि आतला वाटा, दोन्ही एकाच वेळी मागितले पाहिजेत. फक्त पहिला मागितला तर पाणी पुढाऱ्याच्या टाकीत जाईल. फक्त दुसरा मागितला तर टाकीच रिकामी असेल.

आणि ही मागणी बौद्धवाड्याने एकट्याने करून भागणार नाही. या तालुक्यात आपली संख्या किती, हे मतदार यादी उघडून पाहा. धरणात जमिनी गेलेले बहुतेक आदिवासी, टँकरच्या रांगेत शेवटी उभे राहणारे आदिवासी. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्याशिवाय शहापूर-मुरबाडमध्ये पाण्याचा लढा म्हणजे जयंतीच्या बॅनरवर बावन्न फोटो आणि मिरवणुकीत सतरा माणसे. बॅनरवरचे फोटो कमी झाले तरी चालतील. कातकरी वाडीत जाणारी माणसे वाढली पाहिजेत.

लिहायचे कोणी?

तुम्ही. दुसरे कोणी लिहिणार नाही. त्यासाठी पीएच.डी. लागत नाही, मोबाइल आणि वही पुरते.

वाडीतल्या सर्वांत वयस्कर आजीपाशी बसा. तिच्या लहानपणी कोणत्या विहिरीवर जायची परवानगी होती, वरून ओंजळीत पाणी कोण ओतायचे, पहिल्यांदा स्वतः पोहरा टाकला तो कोणत्या वर्षी, त्या दिवशी गावात काय झाले, हे तिच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. ती आजी गेली की ते पान कायमचे फाटले समजा.

तलाठी कार्यालयात जाऊन जुन्या वतन जमिनींचे फेरफार काढा. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाबाबतचे विधेयक विधिमंडळात मांडले, त्यानंतर तीस वर्षांनी १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. त्या जमिनी आज कोणाच्या नावावर आहेत, त्यातल्या धरणात, रस्त्यात, कंपनीत किती गेल्या आणि मोबदला कोणी घेतला, हे सातबारा सांगतो.

माहितीच्या अधिकारात टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागा. कागदावर किती फेऱ्या आणि वाडीत किती, हे आजीबाईंच्या आणि शाळेतल्या मुलींच्या तोंडी नोंदींशी ताडून पाहा. हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईबरोबर एक दिवस चाला. पावले मोजा. बोलू नका, फक्त मोजा. आणि येताना एक हंडा तुम्ही घ्या, म्हणजे इतिहासाचे वजन कळेल.

हे सगळे एकत्र केले की जे तयार होईल तो आटगावचा इतिहास. माहुलीचा किल्ला त्यात एका परिच्छेदात बसेल आणि त्याचे काही बिघडणार नाही, किल्ला दगडाचा आहे.

येत्या २० मार्चला चवदार तळ्याला अभिवादन करायला महाडला जरूर जा. ज्यांना जाता येणार नाही त्यांनी आपापल्या वाडीच्या पाणवठ्यावर जमा व्हावे. संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करावे आणि मग वही उघडून प्रत्येक घरात काल माणशी किती लिटर पाणी आले ते लिहून काढावे. बौद्धवाडा, कातकरी वाडी, पाटील आळी, सगळ्यांचे. एकाच तक्त्यात. तो तक्ता ग्रामसभेत वाचा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. पोच घ्यायला विसरू नका. आपल्याकडे पाण्यापेक्षा कागद लवकर आटतो.

जय भीम! जय संविधान!